पडलं ते पडलेलं

“मावशे, आरसा! ऊन चाललं!”

लेण्याच्या पोटातून मी ओरडलो. बाहेरून ठकूमावशीचं उत्तर आलं, “ऊन कुठं जाईना, तुझाच धीर चालला. तंबाखू मळायले, थांब.”

मग दगडावर आरशाची चौकट खरवडल्याचा आवाज झाला आणि ऊन परत आत आलं. आधी खांबाच्या पायाशी आलं, तिथून जमिनीवर सरपटत आम्ही ताणून बांधलेल्या पांढऱ्या धोतरावर चढलं. धोतर उजळलं. समोरच्या भिंतीतून शेकडो वर्षांपूर्वीच्या बाया हळूहळू वर आल्या, विहिरीच्या तळाशी पडलेली भांडी माध्यान्हीला दिसतात तशा. सहा जणी. एकीमागे एक, हातात तबकं, कुठल्याशा दाराकडे निघालेल्या. पाच जणींना चेहरे होते. सहावीचा गिलावा कधीकाळी पडला होता. मान होती, कानातलं होतं, उचललेला हात होता, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता खडबडीत कातळ.

“ऊन आलं की बोलायचं नाही,” किणीकर बाई म्हणाल्या. “बघायचं.”

साळुंकदरीच्या त्या लेण्यात रोज तिसऱ्या प्रहरी सव्वा तास ऊन मिळायचं. तेही मावशीनं आरसा सूर्याबरोबर फिरवत ठेवला तर. बाकीचा दिवस रंग वाटायचे, कागद ताणायचा आणि वाट बघायची. मी बावीस वर्षांचा होतो. गावात माझी पत्र्याची टपरी होती, ‘तुळशी आर्ट’. ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा, किराणा दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या मांडवाला ‘सुस्वागतम्’. शाळा सातवीत सुटली. सुलोचना किणीकर बाई मुंबईच्या चित्रशाळेत शिकलेल्या. तीस वर्षं पुरातत्त्व खात्यासाठी ठिकठिकाणच्या भिंतींवरच्या चित्रांच्या प्रती करत होत्या. रंग वाटायला माणूस पाहिजे म्हणून त्यांनी मला धरून आणलं. पेंटर म्हणायच्या. तुळशीराम हे नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

आरशावर मावशी. तिला रोजंदारी होती, पण ती आत यायची नाही. “त्या बाया बघतेत,” म्हणायची. “मेलेल्या माणसानं बघितलेलं मला चालत न्हाई.” सहा महिन्यांत तिनं लेण्याचा उंबरा ओलांडला नव्हता.

इंग्रजी मी तिथं शिकलो. लोकांना वाटतं, माझ्यासारखा माणूस वाचनालयाच्या जुन्या कोशावर वाढला असेल. कोश घोकणारे मी पुष्कळ बघितले. त्यांना शब्दांचे अर्थ येतात, शब्द येत नाहीत. बाईंच्या खात्याची वही इंग्रजीत असायची. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “बाई, हे तुम्ही करता त्याला काय म्हणतात?”

“कॉपी.”

“आमच्या शाळेत कॉपी केली की छड्या खायच्या.”

“तिथंही उत्तर तुझं नसतं, इथंही नसतं. फरक एवढाच, की इथं नसलेलं दाखवलं तर छड्या.” त्यांनी पिवडीची आणि हरताळाची अशी दोन बोटं पाटीवर ओढली. “दोन्ही पिवळेच ना? मग एकाच्या जागी दुसरा चालेल?”

“न्हाई चालणार.”

“शब्दांचंही तसंच.”

मग रोज एक शब्द. ऊन यायच्या आधी, रंग वाटता वाटता. ट्रेस म्हणजे भिंतीला कागद चिकटवून वरून गिरवायचं. “त्यात हात चालतो, डोळा झोपतो,” आणि भिंतीचे पोपडे निघतात ते वेगळंच. इमिटेट म्हणजे समोरच्यानं केलं तसं करायचं, शिकण्यासाठी. लहान मूल बापाच्या चपला घालून चालतं, ते. मिमिकच्या दिवशी मी त्यांना खात्याचे हर्डीकर साहेब करून दाखवले. पँट वर ओढत, घसा खाकरत, “किणीकर मॅडम, बजेटचं जरा बघा हं.” बाई इतक्या हसल्या की हातातली काजळी सांडली. बाहेरून मावशी ओरडली, “कोण आलंय रे?”

“एप म्हणजे माकड. तीसुद्धा नक्कलच,” बाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “पण अक्कल सोडून.”

“आमच्या तालुक्याचा राजा आर्टवाला,” मी लगेच म्हटलं. “माझी अक्षरं बघून पाट्या काढतो. माझा ब्रश एकदा घसरला, ‘किराणा’च्या वेलांटीला शेपूट आलं. आता त्याच्या सगळ्या वेलांट्यांना शेपूट हाये.”

“बरोब्बर. तो एप.”

अशी ती दुपार असायची. दगडाचा गारवा, वटवाघळांचा वास, वाटण्याची एकसुरी घरघर, आणि बाई मंद आवाजात एकेक शब्द बोटानं पाटीवर ओढल्यासारखा सांगताहेत. मला अजून वाटतं की इंग्रजी ही त्या लेण्यात बोलायची भाषा आहे, आणि ती पिवळ्या मातीची बनलेली आहे.

फोर्ज हा शब्द त्यांनी शिकवला नाही. तो तोंडातून निघाला.

मार्गशीर्ष असेल. ऊन आलं होतं. बाई तिसऱ्या बाईच्या पापणीची रेघ काढायला टेकल्या आणि हात मागे घेतला. परत टेकल्या. परत घेतला. सकाळी त्या चहाचा कप दोन्ही हातांनी धरायच्या, ते मी बघितलं होतं; थंडीनं असेल म्हटलं. थंडीनं नव्हतं. ब्रशचं टोक भिंतीवरच्या पालीच्या शेपटीसारखं थरथरत होतं. मावशीनं दोनदा आरसा हलवला, तरी पापणी झाली नाही. बाईंनी ब्रश माझ्या हातात दिला.

“काढ.”

मी काढली. पोटात श्वास धरून, एका दमात.

बाई बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. “ही माझी रेघ आहे,” म्हणाल्या.

“तुमचीच हाये बाई. चार महिने तीच तर बघायलो.”

“फोर्ज,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “दुसऱ्यानं केलेली सही. कुणालाच ओळखू येत नाही अशी.”

“मग थांबू?”

“नाही. काढ.”

तिथून पुढं सगळं मी काढलं. चौथी, पाचवी, तबकं, फुलं, पायातले वाळे. बाई शेजारी बसून फक्त बोलायच्या. “पातळ, पेंटर! पाटी रंगवतोस का? रंग कागदात मुरला पाहिजे, वर बसायला नको.” माझा हात पाट्यांवर तयार झालेला, रंग जाड बसायचा, सुकल्यावर बोटाला लागायचा. त्यावरून रोज बोलणी.

घाई का होती तेही सांगतो. भिंतीला मागून पाणी लागलं होतं. पाचव्या बाईच्या खांद्यापासून तडा गेला होता, बोट आत जाईल एवढा. आणि खात्यात बोलणं चाललं होतं की हातानं प्रती करायचं बंद करा, फोटो काढा. हर्डीकर साहेब येत्या सोमवारी प्रत बघायला येणार होते. बाईंचा हात गेलाय हे कळलं तर काम त्याच दिवशी बंद होणार, कागद गुंडाळून माळ्यावर. मग मंजुऱ्या येईपर्यंत भिंत थोडीच थांबणार होती? आणि प्रतीत एक रेघ जरी भिंतीबाहेरची सापडली तरी तेच. “एक खोटी रेघ, की सगळं चित्र खोटं,” हा बाईंचा मंत्र. म्हणून सहावीच्या चेहऱ्याबद्दल पहिल्या दिवसापासून एकच हुकूम: “पडलं ते पडलेलं दाखवायचं. मातकट रंगाचा सपाट हात द्यायचा. बास.”

सोमवारच्या आधी, गुरुवारी, बाईंना ताप भरला. त्या खाली गावातल्या डाक बंगल्यावर पडून. जाताना म्हणाल्या, “फक्त ती पडलेली जागा राहिलीय. तेवढी भरून ठेव.”

शुक्रवारी ऊन आलं. मी मातकट रंग कालवला आणि भिंतीसमोर उभा राहिलो. सहावीच्या जागी उघडा कातळ. त्यावर छिन्नीचे घाव, शेवाळाची काळी झाक. धोतरावरून परतलेलं ऊन त्या खाचांमध्ये हललं, आणि एक भुवई दिसली.

कुणाला खरं वाटायचं नाही. न वाटो. मला दिसली. भुवईखाली डोळा. मग गाल. मी डोळे चोळले नाहीत की काही नाही, बाईंनी शिकवलं होतं तसं फक्त बघत राहिलो आणि जे दिसलं ते उतरवलं. मातकट रंग बाजूला राहिला. सफेदा घेतला, गेरू घेतला. ऊन गेलं की मी हाक मारायचो, मावशी आरसा हलवायची, चेहरा परत यायचा. त्या दोन दुपारी मी जेवलो की नाही आठवत नाही. हात माझा होता, पण बाईंच्या रेघेत चालत नव्हता. रंग जाड बसत होता तरी मला थांबवत नव्हता. शनिवारी ऊन उतरता उतरता मी तिच्या ओठांवर आलो. खालचा ओठ डावीकडून दाताखाली धरलेला. बाकीच्या पाच जणींचे ओठ मिटलेले, शांत. हिचा असा का, हे मी भिंतीला विचारलं नाही.

रविवारी बाई आल्या. ताप उतरला होता, चेहरा पांढराफटक. ऊन आत आलं आणि त्यांनी प्रत बघितली.

“हे काय आहे?”

“सहावी.”

“कुठून काढलीस?”

“भिंतीतून.”

“भिंतीत काही नाही तिथे.”

“मला दिसली.”

“पेंटर, साहेब उद्या येतायत!” त्यांचा आवाज लेण्यात घुमून परत आला. मग त्या खाली बसल्या आणि एकेक शब्द माझ्यापुढं टाकायला लागल्या, वकील टाकतो तसे. “ही कॉपी आहे? नाही, कारण मूळ नाही. बाकीच्या पाच जणींवरून बेतलीस? नाही. त्या वेगळ्या आहेत. मग कुठल्या कॅलेंडरवरून उचललीस? कुठल्या नटीची?”

“न्हाई बाई. आईची शपथ.”

“आणि नजर चुकलीय ती वेगळीच.” त्या उठून जवळ गेल्या. चिडल्या होत्या तरी डोळा त्यांचाच होता. “त्या पाच जणी समोरून बघितलेल्या आहेत. बरोबरीनं उभं राहून. ही खालून बघितलीय. हनुवटीचा खालचा भाग दिसतो, नाकपुड्या दिसतात. कुणी जमिनीवर बसून वर बघावं तशी. तू तर उभा राहून काढत होतास ना?”

“होय.”

“मग?”

तेवढ्यात ऊन सरकलं. “मावशे, आरसा!” मी ओरडलो, म्हणजे बोलणं तरी थांबेल. मावशीनं ओ दिली नाही. “मावशे!” परत ओरडलो. बाईंनीही हाक मारली, “ठकूबाई!”

पावलं वाजली. हाकांनी वैतागून मावशी तावातावानं आली आणि बोलत बोलत सरळ आतच शिरली. “काय कान फुटले काय माझे? मघापासून तुमचं दोघांचं चाललंय हमरीतुमरी, मी ऐकायले न्हाई का भाईर? आरसा काय बैल हाये का सारखा…”

ती थांबली. धोतरावर उरलेल्या उन्हाचा पट्टा प्रतीच्या एका कडेला होता. मावशी भिंतीकडं बघत नव्हती. कागदाकडं बघत होती. पदर तोंडावर गेला.

“सगुणा,” ती म्हणाली.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. “कोण सगुणा?”

“माझी भैण.” मावशी पुढं झाली. बोट लावू नको म्हणायचं भान आम्हाला राहिलं नाही, पण तिनं लावलंच नाही. तोंडाजवळ नेऊन तसंच धरलं. “याची माय. हे असंच व्हट धरायची, खडीचं घमेलं उचलताना. म्या म्हणायची, सगुणे, दात रुतंल. रस्त्याच्या कामावर व्हतो आम्ही. हे पोरगं बाजूला खडीवर बसलेलं असायचं, वर तोंड करून. सुरुंगाचा दगड आला अन् गेली. तीन वर्साचं व्हतं हे.” मग माझ्याकडं वळून जवळजवळ रागानं, “तुला कुणी दावली रं? फोटू न्हाई तिचा एकबी. म्या कधी सांगितलं न्हाई तुला काही. कुणी दावली?”

ऊन गेलं. आरसा धरायला बाहेर कोणी नव्हतं. अंधारात आम्ही तिघं, आणि ती.

मला आईचा चेहरा आठवत नव्हता. एकोणीस वर्षं आठवत नव्हता.

मी म्हटलं, “बाई, मग याला काय म्हणायचं? शब्द सांगा.”

“माझ्याकडे नाही,” बाई म्हणाल्या. आणि मग, “पण उद्या साहेब आहेत. ही राहिली तर सहाही जातील. पुसून टाक.”

“न्हाई पुसणार.”

“पेंटर…”

“हात तोडा माझा.”

मावशी बाहेर गेली, आणि थोड्या वेळानं धोतर परत उजळलं. दिवसाचं शेवटचं ऊन, तांबूस. बाईंनी मातकट रंगाची वाटी घेतली, त्यात डिंकाचं पाणी ओतलं आणि ब्रश स्वतःच्या हातात धरला. मी बघत राहिलो. त्यांचा हात इतका कापत होता की पहिला फटकारा कानातल्यावर जाता जाता राहिला. दोन्ही हातांनी ब्रश धरून त्यांनी कपाळ झाकलं, डोळे झाकले. ओठावर आल्यावर थांबल्या. मग तेही झाकलं.

सोमवारी हर्डीकर साहेब आले. पँट वर ओढली, घसा खाकरला, भिंत आणि प्रत, प्रत आणि भिंत, अर्धा तास. “वा, किणीकर मॅडम. काय हात आहे! या वयात!” मग साहेब पुढं वाकले. “फक्त हा पडलेला भाग जरा…” त्यांनी सहावीच्या जागेकडं बोट केलं. “फटकारे हलल्यासारखे दिसतात. कच्चं वाटतं.”

“ते या पेंटरनं केलंय,” बाई म्हणाल्या. “तुळशीराम घोडके. तेवढंच त्याचं. बाकी सगळं माझं. वहीत तसं लिहून घ्या.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. पाटी रंगवणाऱ्या पोराकडं बघतात तसं. “शिकेल,” म्हणाले, आणि लिहून घेतलं.

सहा महिन्यांत त्या बाईनं माझं नाव पहिल्यांदा घेतलं, ते असं. चौथी, पाचवी माझ्या, त्या तिच्या झाल्या. थरथर तिची, ती माझी झाली. मी त्याच संध्याकाळी ब्रश धुऊन ठेवले आणि मजुरी न घेता खाली उतरलो. बाईंचं पत्र आलं, मी उघडलं नाही. दुसरं आलं, तेही नाही. भिंत पुढं दोन पावसाळ्यांनी पडली. बाई त्याच्या आदल्या वर्षी गेल्या. मी पाट्या रंगवल्या, मग पाट्या सोडल्या आणि लिहायला लागलो. जे लिहिलं त्यात शिकलेल्या माणसांना कधी सोडलं नाही, आणि दर वेळी डोळ्यांसमोर कोण असायचं ते आता सांगायला हरकत नाही.

मागच्या माघात मी त्या संग्रहालयात गेलो. अडुसष्ट वर्षांचा. एका कार्यक्रमासाठी शहरात गेलो होतो, दुपार मोकळी होती. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या दालनात, पूर्ण भिंतभर त्या सहा जणी होत्या. काचेशिवाय. खाली पितळी पट्टी: ‘साळुंकदरी. मूळ चित्र नष्ट. प्रत: सु. किणीकर. रिकामी जागा: तु. घोडके.’

मी ती तीनदा वाचली. हा राग मी एवढी वर्षं सांभाळला होता. म्हटलं, घे, पितळेत कोरून ठेवलाय.

मग जागेकडं बघितलं. मातकट, हललेले फटकारे. बाई फार पातळ रंग लावायच्या. कागदात मुरणारा. मी जाड लावायचो. वर बसणारा.

पश्चिमेच्या खिडकीतून ऊन फरशीवर पडलं होतं. मी पिशवीतून जेवणाचा डबा काढला, स्टीलचं झाकण काढून बाहीला पुसलं, खिडकीशी गेलो आणि ऊन पकडलं. समोरून धरलं तर काही नाही, नुसती माती. बाजूला सरकलो. आणखी सरकलो, ऊन कागदाला घासून जाईल असं धरलं.

जाड रंगाच्या कडांना सावल्या आल्या. आधी भुवई आली. तिच्यामागून डोळा, गाल, आणि दाताखाली धरलेला ओठ. खरवडलेलं कुठंच नव्हतं. एक रेघही दुखावली नव्हती. बाईंनी तिच्यावर फक्त पदर ओढला होता, आणि पदरावर माझं नाव लिहून घेतलं होतं, म्हणजे तिथं कुणी दुसऱ्यानं हात घालू नये.

ती पत्रं मी उघडायला हवी होती.

“ओ काका, काय खेळ चाललाय?” पहारेकरी आला. चाळिशीचा, पोट सुटलेला. “चित्रावर उजेड मारायला बंदी हाये.”

“पाच मिनिटं. ऊन सरकलं की आपोआप जाईल.”

तो माझ्या हातातलं झाकण काढून घ्यायला जवळ आला, आणि तिथून त्याला दिसली. थांबला. मान वाकडी करून बघत राहिला.

“आयला. इथं तर बाई हाये. रोज पुसतो मी ही फ्रेम.” तो आणखी जवळ गेला. “काका, ही हलतीय का हो? काहीतरी बोलायला लागल्यासारखी?”

“नाही,” मी म्हटलं. “माझा हात कापतोय.”